अकरा जोड मोजे

त्या मुलानं शर्ट उलटा केला, तेव्हाच आचलला संशय आला.

गिऱ्हाईक शर्ट बघतं म्हणजे काय बघतं? रंग बघतं, किंमत बघतं, फार तर आरशात स्वतःला बघतं. हा पठ्ठ्या मात्र आतली शिवण बघत होता. मग त्यानं कापड चिमटीत धरून चोळलं, दिव्यासमोर धरून आरपार पाहिलं आणि शेवटी, आजूबाजूला कोणी नाही असं समजून, त्याचा चक्क वास घेतला.

"काही मदत करू का, सर?" आचलनं मागून विचारलं.

तो दचकला. शर्ट मात्र हातातून सुटला नाही. "हे कॉटन नाई," तो म्हणाला.

"टॅगवर शंभर टक्के लिहिलंय, सर."

"टॅगले काय, लिव्हलं तेवढं लिव्हलं. तुम्हीच हात लावून पाहा न..."

आता मॉलमधल्या मुलीनं गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून आपल्याच मालाची परीक्षा करायची नसते. पण आचलचा हात पुढे गेला खरा. एकाच शर्टाची एक बाही तिच्या हातात, दुसरी त्याच्या. कापड गुळगुळीत लागलं, जरा जास्तच गुळगुळीत.

"मग राहू द्या, सर. आवडलं नाही तर—"

"आवडलं नाई असं कोन म्हनते? घेतो न मी."

"कॉटन नाई तं घेऊन काऊन राह्यले मंग?" आचलच्या तोंडून निघून गेलं. कंपनीनं पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेली गोड भाषा त्या एका 'काऊन'मध्ये वाहून गेली.

त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग आवाज खाली आणला. "कारन माह्याजवळ असा एक बी शर्ट नाई, जो माह्या बाबांजवळ नाई."

तिला काही कळलं नाही. बिलाच्या काउंटरवर तिनं पिशवीबद्दल विचारलं, तर तो घाबरल्यासारखा म्हणाला, "नको नको, तुमच्या पिशवीवर नाव हाय." आणि त्यानं पँटच्या खिशातून घडी केलेली कापडी पिशवी काढून झटकली. पिशवीवर लाल ठसठशीत अक्षरांत छापलं होतं: 'नत्थूजी क्लॉथ स्टोअर्स, हिंगणघाट. लग्नाच्या बस्त्याचे खात्रीचे ठिकाण.'

त्यानं पिशवी घाईघाईनं उलटी केली. पण आचलनं वाचायचं ते वाचलं होतं.

"तुम्ही नत्थूजींचे...?"

"नातू. निकेश." त्यानं हात जोडले. "ताई, कोनाले सांगू नका. कापडवाल्याचा पोरगा मॉलात शर्ट घेते म्हटल्यावर बाबा मले उभा फाडतीन."

"ताई म्हनू नका, मंग नाई सांगत," आचल म्हणाली, आणि स्वतःच्याच धिटाईनं तिचे कान गरम झाले.

खरं सांगायचं तर या गुन्ह्यात ती स्वतःही धुतल्या तांदळासारखी नव्हती. मॉलच्या लेखी बाईमाणसाची दोनच मापं, एक लहान आणि एक मध्यम. आचल नेमकी दोन्हींच्या मधली. त्यामुळे ती कापड घ्यायची आणि शेजारच्या कमलाकाकूकडून शिवून घ्यायची. पण मॅनेजरसाहेबांचं म्हणणं असं की इथल्या मुलींनी इथलेच कपडे घालावेत, बाहेर चांगलं दिसतं. तिची नोकरी अजून कच्ची होती. म्हणून गुरुवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, ती स्कूटीवरच्या सगळ्या मुली बांधतात तसा डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधून कापड घ्यायला निघायची. कधी या दुकानात, कधी त्या. त्या गुरुवारी मात्र स्कूटी सरळ नत्थूजींच्या दारात जाऊन थांबली. का थांबली, ते स्कूटीलाच विचारा.

आत पांढरीशुभ्र गादी अंथरलेली होती. लोडाला टेकून प्रभाकरराव, म्हणजे निकेशचे वडील, बसले होते. अंगात बदामी शर्ट, त्यावर तपकिरी रेघा. आणि पलीकडे कपाटापाशी निकेश उभा होता. अंगात बदामी शर्ट, त्यावर तपकिरी रेघा! एकाच ताग्यातून कापलेले, एकाच शिंप्यानं शिवलेले. आचलला आता सगळा उलगडा झाला. ती स्कार्फच्या आत इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

"काय दाखवू?" निकेशनं विचारलं.

"ड्रेसचं कापड. शुद्ध कॉटन. टॅग नसलेलं."

तो थबकला. मग हळूच म्हणाला, "चेहरा झाकला तरी उपयोग नाई. तुमचा आवाज ध्यानात राह्यला हाय माह्या."

शेजारी वेणा नदीपलीकडच्या गावाहून आलेल्या तीन बायकांनी एक हिरवी साडी पसंत-नापसंत चालवली होती. "अंगावर कशी दिसन काय मालूम," एक म्हणाली. निकेशनं साडी उचलली, दोन झटक्यात निऱ्या घातल्या, पँटवरच कमरेला खोचल्या, पदर खांद्यावर टाकला आणि एका हातानं काठ धरून त्यांच्यासमोर संथपणे वळला. मिशीवाला तरणाबांड गडी, पण चेहऱ्यावर लाजेचा लवलेश नाही. गिऱ्हाइकाला साडी दिसली पाहिजे, हाच त्याचा धर्म. बायकांनी साडी घेतली. आचलला मात्र साडी दिसलीच नाही.

"चांगले दिसत होते," ती जाताना पुटपुटली.

"हिरव्यापेक्षा जांभळा मले जास्त खुलते," तो गंभीरपणे म्हणाला. मग त्याची नजर तिच्या डोक्यावर गेली. जिनिंगचा हंगाम होता. कापसाच्या गाड्या रस्त्यानं जायच्या आणि गावभर रुई उडत राहायची. त्याचा हात वर आला आणि अर्ध्यातच थांबला. "तुमच्या स्कार्फवर... कापूस हाय."

"असू द्या. हा तरी शुद्ध हाय."

आता गंमत पाहा. तिची सुट्टी गुरुवारी, आणि नत्थूजी क्लॉथ स्टोअर्स बंद सोमवारी. म्हणजे ज्या दिवशी ती मोकळी, त्या दिवशी तो गादीवर. आणि ज्या दिवशी तो मोकळा, त्या दिवशी ती काउंटरवर. दोघांना भेटायचं तर एकानं गिऱ्हाईक होण्यावाचून इलाज नव्हता. आणि गिऱ्हाईक म्हटलं की काहीतरी विकत घेणं आलं.

निकेशनं स्वस्तातली वस्तू निवडली. मोजे.

"मागच्या सोमवारी तं नेले न?" आचल विचारायची.

"ते उजवे होते."

"अन् हे?"

"हे डावे."

"पन तू तं चपला घालतो!" एव्हाना 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. नक्की कोणत्या सोमवारी, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"पायात नाई घालत. घरी ठेवतो... पाह्यत राह्यतो."

आणि आचल? ती गुरुवारी ब्लाउज पीस घ्यायची. एक जांभळा, एक राणी कलरचा, एक मोरपंखी. "साडी कोनत्या रंगाची हाय?" निकेश विचारायचा. "साडी नाई." "बिनसाडीचा ब्लाउज पीस?" "साडी घेईन न... सवडीनं. तुले घाई हाय का?" आणि समोर प्रभाकरराव चष्म्यातून वर्तमानपत्र वाचत बसलेले.

त्याचा मोबाईल नंबर तर पहिल्याच बिलाच्या वेळी कंपनीनं मागून घेतला होता. त्या नंबरवर दर शनिवारी ऑफरचे मेसेज जायचे. आचलचा मात्र एकही गेला नाही. संपूर्ण हिवाळा गेला, अकरा जोड मोजे झाले, नऊ ब्लाउज पीस झाले, आणि बोलायची ती एक गोष्ट तेवढी कोणी बोललं नाही.

मग आचलच्या भावाचं, हेमराजचं लग्न ठरलं. लग्न ठरलं म्हणजे बस्ता आला. नवरा-नवरीपासून दूरच्या मावशीपर्यंत सगळ्यांचे कपडे एका दुकानातून, एका बैठकीत. आचलनं मॉलमध्ये ही बातमी सांगायला आणि मॅनेजरसाहेबांचे डोळे लकाकायला एकच गाठ पडली. "तुमच्या घरचा बस्ता इथं आणा. मी तुमच्या पक्क्या नोकरीची शिफारस वर पाठवतो. नाहीतर... महिनाअखेरीला सहा महिने संपतातच तुमचे."

घरी मधुकररावांनी लेकीवर सोडलं. "आचल म्हनन तिथं. कपड्यातलं तिलेच कयते."

"मॉलात बसाले गादी हाय का?" सुमित्राबाईंनी, म्हणजे आत्यानं, विचारलं. "नाई न? बस्ता बसून बांधतेत. उभ्यानं बांधलेला बस्ता मी साठ वर्षांत ऐकला नाई."

आचल गुरुवारी दुकानात गेली ती हाच पेच घेऊन. पायरीवरच तिला प्रभाकररावांचा आवाज ऐकू आला. ते फोनवर बोलत होते. "हौ, यंदा एक बी मोठा बस्ता नाई आला. हा महिना पाह्यतो. नाई तं दुकान मोबाईलवाल्याले भाड्यानं देतो अन् निकेशले तुह्याकडे सुरतले धाडतो."

सुरत! सुरतेला सोमवार येत असतील, पण त्यांचा आचलला काय उपयोग?

"हेमराजचा बस्ता हाय," ती निकेशला हळूच म्हणाली. "कुठं बांधू?"

त्यानं कापडाची घडी घालता घालता विचारलं, "मॉलात बांधला तं तुह्या नोकरीचं काय होते?"

"पक्की होते."

"मंग मॉलातच बांध."

"अन् सुरत?"

तो हसला, पण ते हसणं ओठांपाशीच राहिलं. "तिथं बी मोजे भेटतच असतीन."

ती इतकी चिडली की त्या दिवशी ब्लाउज पीस न घेताच घरी गेली. चिडली, आणि रात्रभर तळमळली. एकच बस्ता आणि दोन काउंटर. एक वाचवावा तर दुसरा जातो. आणि दुसऱ्या काउंटरपाशी तो उभाच नसणार असेल, तर हा काउंटर पक्का करून तरी करायचं काय?

सोमवारी घरची मंडळी मॉलमध्ये आली. "नत्थूजी बंद हाय, तं नुसतं पाहून येऊ," म्हणून आत्याही आली. हेमराजचा सूट झटकन ठरला. साड्यांपाशी मात्र गाडी अडली. साड्या प्लास्टिकमध्ये बंद, आणि नेसवलेल्या होत्या त्या दोन पुतळ्यांना, त्यांनाही डोकं नव्हतं.

"बिनडोकीच्या बाईवरून मी सुनेचा शालू कसा ठरवू?" आत्यानं विचारलं. मॅनेजरसाहेबांचा चेहरा उतरू लागला.

नेमका त्याच वेळी निकेश मोज्यांच्या रांगेतून बाहेर आला. आत्याची नजर पडली. "अगं, हा तं नत्थूजीचा नातू! इकडे ये रे बापा. हा शालू जरा नेसून दाखव."

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बाई, हे माझं दुकान नाही. पण तीन पिढ्यांची सवय! बाईनं 'दाखव' म्हटल्यावर निकेशचा हात थांबत नाही. त्यानं चपला काढल्या. प्लास्टिक फोडलं. निऱ्या पडल्या, पदर खांद्यावर आला, आणि भर मॉलमध्ये, सरकत्या जिन्याच्या समोर, तो शालू नेसून वळला. जिन्यावरची माणसं वर जाता जाता मान वळवून पाहू लागली.

"हा घ्या, काठ चांगला हाय," तो म्हणाला. "हे दोन नका घेऊ, पहिल्या धुन्यात रंग सोडतीन. ही हळदीले चालन." मॅनेजरसाहेब दर 'नका घेऊ'ला कळवळत होते आणि दर 'घ्या'ला फुलत होते. तासाभरात सगळी मंडळी चक्क जमिनीवर मांडी घालून बसली होती. शालू झाला, हळदीची साडी झाली, वऱ्हाडातल्या लेकरांचे कपडे झाले.

"आमच्याकडे नोकरी करता का?" मॅनेजरसाहेबांनी त्याला जागेवरच विचारलं.

"मी सोमवारचाच इथला," निकेश म्हणाला. जाताना आचलपाशी थांबला. "झाली न पक्की?" एवढंच बोलला, आणि बाराव्या जोडाचे मोजे परत रांगेत ठेवून निघून गेला.

आपल्या दुकानाचा बस्ता त्यानं आपल्या हातानं दुसऱ्याच्या दारात विकला होता. आचलला रडू आलं. पण ती रडणाऱ्यातली नव्हती. घरी जाताना तिनं स्कूटीवर मागे बसलेल्या आत्याला सगळं सांगून टाकलं. मोजे, ब्लाउज पीस, सुरत... सगळं.

वेणेचा पूल आला. तेव्हा आत्या म्हणाली, "ज्याले निऱ्या घालता येते, तो गडी संसारात बी कामाचा राहीन. अन् असं पाहा, मानपानाच्या साड्या अजून राह्यल्याच हायेत."

गुरुवारी आचल दुकानात शिरली ती स्कार्फ न बांधता, अंगात मॉलचा मरून रंगाचा टी-शर्ट घालून. सोबत आत्या. प्रभाकररावांना सोमवारची बातमी सोमवारीच पोचली होती, गावच तेवढं.

"या, या," ते तिरकसपणे म्हणाले. "मॉलात गादी नाई वाटते?"

"नाई न बापा. पाठ गेली माही." आत्या लोडाला टेकली. "मानपानाच्या एकेचाळीस साड्या काढा. तिथं मॉलात बदलाले बिल पाहिजे, अन् ते बी सात दिवसांत. आमच्या नणंदा-भावजया महिन्यानं रुसतेत. तुमच्या चिठ्ठीवर बदलून तं भेटते."

ते खरंच होतं. नत्थूजींच्या वेळेपासूनची रीत होती. प्रत्येक साडीला नावाची चिठ्ठी टाचायची, आणि जिला रंग आवडला नाही तिनं ती चिठ्ठी घेऊन यावं, बदलून न्यावी. प्रभाकररावांनी चष्मा पुसला. एकेचाळीस साड्या! त्यांनी पेन्सिल कानावरून काढली.

दुपार कशी गेली कळलं नाही. निकेश शिडीवरून गठ्ठे उतरवत होता, नेसून दाखवत होता, आणि आचलकडे मात्र बघत नव्हता. प्रभाकरराव नाव विचारत, चिठ्ठी लिहीत, टाचणी लावत. एकेचाळिसावी चिठ्ठी लागली. आत्यानं आचलला कोपरानं ढोसलं.

"काका, अजून एक राह्यली," आचल म्हणाली.

"नाव?"

"शोभाबाई."

"गावात छप्पन शोभाबाई हायेत. कोनाच्या?"

"प्रभाकररावांच्या. याच दुकानाच्या वरच्या माळ्यावर राह्यतेत."

पेन्सिल थांबली. शिडीवरून एक गठ्ठा धपकन खाली पडला.

"माह्या बायकोले तुमच्या घरचा मान कायचा?" प्रभाकररावांनी सावकाश विचारलं. मानाची साडी सोयऱ्यालाच जाते, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

आचलनं डोळे मिटले आणि उघडले. "मले निकेश आवडते, काका. त्याले सुरतले नका धाडू."

प्रभाकररावांनी शिडीकडे पाहिलं. "अन् तू? तोंडात टाचन्या धरल्या काय?"

"मले बी..." निकेश म्हणाला.

"काय मले बी? नीट बोल, गिऱ्हाईक समोर हाय!"

"मले आचल आवडते, बाबा. त्या पहिल्या शर्टापासून."

"मालूम हाय मले." प्रभाकररावांनी गादीखालचा खण ओढला. आत मोजे होते, एकही वापरलेला नाही, सगळ्यांवर मॉलचे स्टिकर जसेच्या तसे. "तुह्या मायनं कपाट झाडलं परवा. अकरा जोड! पोट्टा जलमभर चपला घालते अन् मोजे अकरा जोड. मी तिले म्हटलं, याचं डोकं तरी फिरलं, नाई तं मन तरी."

आत्या पदर तोंडाला लावून हसत सुटली. प्रभाकररावांनी चिठ्ठी पुरी लिहिली. शोभाबाई. "साडी काढ," ते लेकाला म्हणाले.

निकेशनं जांभळी साडी काढली. पण ज्या हातांनी वर्षभरात हजार साड्या नेसवल्या असतील, त्यांना आज निऱ्या जमेनात. एक धरली की दुसरी सुटत होती. आचल उठली. तिनं साडी त्याच्या हातातून घेतली, टी-शर्टवरच पदर टाकला आणि गादीवर संथपणे वळली. निकेश गिऱ्हाइकासारखा खाली बसला होता, आणि त्याला साडी बहुतेक दिसत नव्हती.

"सोमवारी दुकान बंद हाय," प्रभाकरराव टाचणी लावता लावता म्हणाले. "आम्ही तिघं बी येतो तुमच्या घरी."

"सोमवारी माही ड्युटी राह्यते, काका."

"मंग मॉलातूनच तुले घेऊन येतो. नाई तं बी याले बुटाचा एक जोड घ्या लागन," ते म्हणाले. "नवरदेवाले चपला चालत नाई, अन् मोजे तं हायेतच घरी."